चिप, ट्रॅकर, बिल्ला आणि टॉर्च: कुत्रं-मांजर हरवल्यावर कशाचा किती उपयोग होतो

कुत्रं किंवा मांजर हरवलं की पहिल्या तासातच कुणीतरी म्हणतं, "चिप बसवलीय ना, मग लोकेशन बघा की." चिपवर लोकेशन दिसत नसतं. ही गल्लत इतकी सर्रास होते की परीक्षणाची सुरुवात तिथूनच करायला हवी. या कामासाठी मिळणारी काही साधनं "हे कुणाचं?" या प्रश्नाचं उत्तर देतात आणि काही "ते कुठे आहे?" याचं. पहिल्या जातीची वस्तू दुसऱ्या कामासाठी घेतली, तर ती फुकट गेल्याचं नेमकं गरजेच्या दिवशी कळतं. खाली प्रत्येक साधन याच कसोटीवर पाहिलं आहे: जनावर घराबाहेर आहे, वेळ जातोय, अशा वेळी ते प्रत्यक्षात काय करतं आणि कुठे दगा देतं.

नंबर कोरलेला बिल्ला

सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित वस्तू. जनावर ज्याला सापडतं त्याच्याकडे स्कॅनर नसतो, तुमचं ॲप नसतं, पण फोन असतो. बिल्ल्यावर नंबर असेल तर जनावर दहा मिनिटांत परत मिळू शकतं, तेही दवाखान्याची पायरी न चढता.

बिल्ल्यावर दोन नंबर हवेत, दोन वेगळ्या माणसांचे. जनावर शोधत फिरणाऱ्याचा फोन सतत गुंतलेला असतो किंवा बॅटरी संपलेली असते. जागा उरली तर "चिप आहे" आणि नियमित औषध असेल तर "औषध चालू" एवढंच लिहा. औषधाचा उल्लेख वाचला की सापडलेलं जनावर ठेवून घेण्याचा विचार बरेच जण सोडून देतात. जनावराचं नाव सगळ्यांत शेवटी, आणि जागा नसेल तर नकोच.

धातू निवडताना स्टेनलेस स्टील किंवा पितळ घ्या आणि अक्षरं खोल कोरून घ्या. रंगीत ॲल्युमिनियमवर वरवर छापलेली अक्षरं घासून पुसली जातात, आणि मऊ धातू असल्यामुळे कडीचं भोकही झिजत जातं. खरं तर बिल्ला हरवतो तो बहुतेक वेळा कडीमुळे. पातळ तारेची कडी उकलते, एस आकाराचा हुक पकडीने दाबून बंद केला नसेल तर एखाद्या झुडपात अडकून सरळ होतो. पट्ट्यावरच रिव्हेटने बसवलेली सपाट पट्टी आम्हाला लोंबत्या बिल्ल्यापेक्षा उजवी वाटते: वाजत नाही, अडकत नाही, पडत नाही.

क्यूआर कोडच्या बिल्ल्यावर भरपूर माहिती ठेवता येते हे खरं. पण कोड चरचरला, समोरच्याकडे नेट नसलं किंवा ती सेवा चालवणारी वेबसाइट बंद झाली, की गळ्यात उरतो तो नुसता पत्रा. कोडच्या जोडीला नंबर कोरलेला असेल तरच घ्या.

पट्ट्याबद्दल दोन गोष्टी. कुत्र्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत, तीन नकोत. ज्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं त्या शिकारी जातींना साधा पट्टा पुरत नाही, ओढल्यावर थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा लागतो. मांजराला मात्र जोर पडल्यावर आपोआप उघडणाऱ्या बकलचाच पट्टा घालावा. इलॅस्टिकच्या पट्ट्यात मांजराचा पुढचा पाय अडकतो आणि काखेत खोल जखमा होतात. सुटणारा पट्टा कधीतरी हरवेल. तो हरवणं परवडतं.

मायक्रोचिप

तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी, नेहमीची १२ मिलिमीटर लांब आणि सुमारे २ मिलिमीटर जाड. मांजरं आणि लहान जातींसाठी ८ मिलिमीटरची बारीक आवृत्तीही मिळते. ती दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने सोडतात. आत बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आला की त्याच्या लहरींवर चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. हे अंतर काही सेंटिमीटरचं, म्हणून दूरवरून चिप "शोधणं" अशक्यच. आणि चिपमध्ये तुमचं नाव-पत्ता नसतो, असतो तो फक्त क्रमांक. नाव-पत्ता असतो तो क्रमांकाशी जोडून ठेवणाऱ्या सेवेच्या नोंदवहीत. चिपबाबत जे काही बिघडतं ते बहुतांशी तिथेच.

अमेरिकेतल्या ५३ प्राणी-निवाऱ्यांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चिप असलेल्या कुत्र्यांपैकी ५२.२ टक्के मालकांकडे परतले होते; मोकाट म्हणून आलेल्या कुत्र्यांत सरसकट हे प्रमाण २१.९ टक्के होतं. मांजरांमधला फरक तर डोळ्यांत भरणारा: ३८.५ टक्के विरुद्ध १.८ टक्के. म्हणजे चिप काम करते यात शंका नाही. पण चिप असूनही मालक का सापडला नाही, याचं त्यात दिसलेलं सगळ्यांत मोठं कारण चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर हे होतं. चिप बसवून नोंदणीच न केलेलेही होते.

चिप घेताना ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १३४.२ किलोहर्ट्झवर चालणारी आणि १५ आकडी क्रमांकाची आहे हे पाहा. जुन्या १२५ किलोहर्ट्झच्या चिपा ९ किंवा १० अंकी असतात आणि फक्त नव्या मानकासाठी बनलेल्या स्कॅनरला त्या दिसत नाहीत. तुमच्या जनावराला अशी जुनी चिप असेल तर ती काढायची गरज नाही. दुसरी बसवून दोन्ही क्रमांक नोंदवता येतात.

बसवल्यावर पाच कामं. एक, डॉक्टरांकडून तिथल्या तिथे स्कॅन करून घ्या. दोन, क्रमांकाचं स्टिकर लसीच्या पुस्तिकेत लावा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. तीन, नोंदणी कुणी करायची हे स्पष्ट विचारा; "दवाखान्याने केली असेल" या समजुतीत ती राहून जाते. चार, जनावर आधी कुणाकडे असेल तर नोंद तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर हरवल्यावर फोन त्या जुन्या माणसाला जाईल. पाच, दरवर्षी लसीच्या वेळी पुन्हा स्कॅन. चिप कधीकधी सरकून खांद्यावर किंवा कोपराजवळ उतरते. म्हणूनच "स्कॅन केलं, चिप नाही" हे उत्तर एका फेरीत मान्य करू नका. स्कॅनर अंगाला जवळजवळ टेकवून, सावकाश, मानेपासून दोन्ही पुढच्या पायांपर्यंत नागमोडी फिरवायला सांगा, आणि धातूचा पट्टा आधी काढा. स्कॅनरची बॅटरी उतरलेली असेल तरीही चिप सुटते.

जनावर हरवल्याचं कळताच नोंदवहीत "हरवलं" अशी खूण करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि धांदलीत हमखास राहतं.

ब्लूटूथ टॅग

ॲपलचा एअरटॅग आणि त्याच्यासारखे, वस्तू शोधण्यासाठीचे छोटे टॅग. एअरटॅग २०२१ मध्ये आला: ३१.९ मिलिमीटर व्यासाचा, ११ ग्रॅम वजनाचा, सीआर२०३२ या बटण-सेलवर वर्षभर चालणारा. वर्गणी नाही, चार्जिंग नाही. त्यामुळे लोक तो कुत्र्याच्या पट्ट्याला लावतात आणि जीपीएस घेतल्याच्या समाधानात राहतात.

तो उपग्रहाशी बोलत नाही. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी आयफोनला त्याची चाहूल लागते आणि तो फोन स्वतःचं ठिकाण कळवतो. दाट वस्तीत हे चांगलं चालतं. शेतात, माळावर, जंगलात किंवा मध्यरात्रीच्या सुनसान रस्त्यावर नकाशा तासन्‌तास जुनंच ठिकाण दाखवत राहतो. अँड्रॉइड फोनसाठीही २०२४ पासून असं जाळं आहे. तत्त्व तेच आणि मर्यादाही त्याच. शिवाय पाठलागासाठी गैरवापर होऊ नये म्हणून हे टॅग मालकापासून बराच काळ दूर राहिले तर वाजू लागतात आणि सोबत असणाऱ्याच्या फोनवर इशारा देतात. कुणी कुत्रं चोरून नेलं असेल तर चोरालाच आधी कळतं.

वजन कमी असल्यामुळे मांजराला चालतो, पण होल्डर निवडताना काळजी घ्या. लोंबता होल्डर कुत्री चावतात, आणि बटण-सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. पट्ट्यात शिवलेला किंवा स्क्रूने बंद होणारा होल्डरच घ्या. शहरात राहणाऱ्या, माणसांत मिसळणाऱ्या कुत्र्यासाठी जोडीचं साधन म्हणून आमची पसंती आहे. एकमेव साधन म्हणून नाही.

जीपीएस ट्रॅकर

"ते कुठे आहे?" याचं खरं उत्तर देणारं साधन हेच, आणि सगळ्यांत जास्त निगा मागणारंही हेच. यंत्र उपग्रहांकडून स्वतःची जागा काढतं आणि आतल्या सिमकार्डवरून तुमच्या फोनला पाठवतं. म्हणजे दोन्ही हवं: वर मोकळं आकाश आणि मोबाइलची रेंज. गाडीखाली, तळघरात, सिमेंटच्या जिन्याखाली जागा चुकते किंवा मिळतच नाही. उंच इमारतींमधून लहरी आपटून आल्या की ठिपका शेजारच्या गल्लीत दिसतो. डोंगराआड रेंज नसेल तर यंत्राला जागा माहीत असते, पण ती सांगता येत नाही. तुमच्या भागात कोणत्या कंपनीची रेंज धड येते ते पाहूनच ट्रॅकर निवडा. खोक्यावरचे बाकीचे दावे त्यानंतर.

बॅटरीचा दावा नेहमी घरात पडून राहिलेल्या ट्रॅकरचा असतो. घरच्या वायफायच्या टप्प्यात यंत्र झोपी जातं, म्हणून ती कित्येक दिवस पुरते. जनावर पळाल्यावर दर काही सेकंदांनी जागा कळवणारा थेट मोड चालू केला की तीच बॅटरी तासांत मोजायची. इथे मोठी चूक होते. घाबरलेला मालक थेट मोड लगेच लावतो, दूरवरून ठिपक्याकडे बघत गाडी काढतो, आणि पोचेपर्यंत ट्रॅकर बंद. बरोबर पद्धत अशी: साध्या मोडवर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने जागा पाहत जवळ जा आणि शेवटच्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये थेट मोड लावा. प्रत्येक वेळी ठिपक्याशेजारची वेळ वाचा. चाळीस मिनिटांपूर्वीचा ठिपका आणि आत्ताचा ठिपका पडद्यावर सारखेच दिसतात. भोवतीचं वर्तुळही बघा. ते मोठं असेल तर जनावर त्यात कुठेही असू शकतं.

आभासी कुंपणाच्या, म्हणजे ॲपमध्ये आखलेली हद्द ओलांडल्यावर येणाऱ्या, इशाऱ्यावर फार विसंबू नका. इशारा यायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात धावणारं कुत्रं किलोमीटरभर जातं. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात चाचणी घ्या: घरातल्या कुणीतरी ट्रॅकर खिशात घालून न सांगता कुठेतरी जावं आणि दुसऱ्याने ॲपवरून शोधावं. आठवड्याचा चार्जिंगचा एक ठरलेला वार असू द्या. वर्गणी संपली की बहुतेक ट्रॅकर मुके होतात, तेव्हा तिची तारीखही लिहून ठेवा.

मांजरासाठी ३० ग्रॅमच्या आतलाच ट्रॅकर बघा. सुटणाऱ्या पट्ट्यावर तो लावला तर कधीतरी पट्ट्यासकट पडेल, आणि तुम्ही रिकाम्या पट्ट्यापर्यंत पोचाल. म्हणून घट्ट बकल लावावं असं मात्र नाही.

आणि ठिपका गाठला म्हणजे कुत्रं हाती आलं असं नाही. घाबरलेलं कुत्रं मालकालाही ओळखत नसल्यासारखं पळतं. हाका मारू नका, पाठलाग तर नकोच. पाठलागात ते थेट वाहनांखाली जातं. थोड्या अंतरावर पाठमोरं किंवा तिरकं होऊन खाली बसा, डोळ्यांत बघू नका, वासाचं खाणं आजूबाजूला टाका आणि तुम्ही स्वतः जमिनीवर काही खात असल्यासारखं करा. ते जवळ आलं तरी झडप घालू नका. हातातून खायला लागलं की छातीखालून हात घालून पट्टा धरा.

रेडिओ टॅग आणि हातातला शोधक

याची जाहिरात कमी दिसते, पण घरातल्या मांजरासाठी आमचा पहिला कौल याला. काही ग्रॅमचा टॅग गळ्यात, आणि तुमच्या हातात एक छोटं यंत्र जे दिशा बरोबर असली की जोरात वाजतं. उपग्रह, सिम, वर्गणी काहीच लागत नाही. टप्पा मोकळ्यावर साधारण शंभर-सव्वाशे मीटर, भिंती आल्या की बराच कमी.

एवढासा टप्पा का पुरतो, हे समजून घ्यायला हवं. हरवलेल्या १,२१० मांजरांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती, आणि फक्त घरात राहणाऱ्या मांजरांसाठी हेच अंतर १३७ मीटर निघालं. घरातलं मांजर बाहेर पडलं की दूर जात नाही, पहिल्या आडोशाला चिकटतं आणि गप्प बसतं. अगदी तुमच्या हाकेलाही ओ देत नाही. जीपीएस जिथे आंधळा होतो त्या जिन्याखालच्या कोपऱ्यातून हा टॅग वाजतो.

वापरताना शोधक छातीशी धरून स्वतःभोवती सावकाश पूर्ण गिरकी घ्या. तुमचं शरीर मागून येणारा सिग्नल अडवतं, त्यामुळे दिशा कळते. सिग्नल मिळाला नाही तर वीस-तीस पावलं पुढे जाऊन पुन्हा गिरकी.

टॉर्च

गळ्यात काहीच नसेल तर मांजरासाठी याहून प्रभावी साधन नाही. मांजराच्या आणि कुत्र्याच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, आणि तो प्रकाश आला त्याच दिशेला परत जातो. म्हणून टॉर्च कमरेजवळ धरली तर चमक तुम्हाला दिसणारच नाही. कानशिलाजवळ, डोळ्यांच्या पातळीत धरा. अरुंद झोत, ३०० ते ५०० लुमेन पुरे. फार प्रखर टॉर्च पांढऱ्या भिंतीवर आपटून तुम्हालाच दिपवते. रहदारी थांबल्यावर रात्री उशिरा निघा, गुडघ्यावर बसून गाड्यांखाली, जिन्यांखाली, पायऱ्यांच्या पोकळीत, लाकडाच्या ढिगात बघा.

शेजाऱ्यांना "दिसलं तर सांगा हं" म्हणणं पुरत नाही. त्यांच्या अंगणात आणि अडगळीच्या खोलीत परवानगी घेऊन स्वतः वाकून बघावं लागतं. बंद शेड आणि गॅरेज उघडून घ्या, मालक गावाला गेला असेल तर किल्ली कुणाकडे आहे ते शोधा.

पिंजरा आणि कॅमेरा

मांजर दिसतंय पण हाती येत नाही, तेव्हा पिंजरा. लांबी ७५ ते ९० सेंटिमीटर हवी. आखूड पिंजऱ्यात दार शेपटीवर पडतं. आणण्याआधी पायाखालची पट्टी किती वजनाला दार पाडते ते तपासा. अडीच किलोचं मांजर त्यावर चालत गेलं आणि दार पडलं नाही, तर ते खाऊन निवांत बाहेर पडतं आणि पुढच्या वेळेसाठी शहाणं होतं. तळाला कागद अंथरा, पण पट्टीखाली जाऊन ती अडकणार नाही असा. पिंजरा डगमगता कामा नये. उग्र वासाचं खाणं पट्टीच्या पलीकडे अगदी टोकाला, दारापासून आत थोडे थोडे कण. तीन बाजू जाड कापडाने झाका.

दर तास-दोन तासांनी बघणं शक्य नसेल तर लावू नका, आणि उन्हात तर कधीच नको. मांजर अडकलं की पिंजरा पूर्ण झाकून घरात न्या, खोलीची दारं-खिडक्या लावा, मगच उघडा. आनंदाच्या भरात अंगणातच उघडलेल्या पिंजऱ्यातून मांजर दुसऱ्यांदा जातं. आत फिस्कारणारं मांजर "आपलं नाही" असं समजून सोडूनही देऊ नका. भीतीने पाळीव मांजरही रानटी वागतं. ठिपके, शेपटी, नाकावरची खूण जुन्या फोटोशी पडताळा आणि चिप स्कॅन करा.

जंगलातल्या जनावरांसाठी मिळणारा हालचाल टिपणारा कॅमेरा इथे फार कामाचा आहे. तो खाण्याच्या जागेपासून दोन-तीन मीटरवर, ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीवर लावा. माणसाच्या उंचीवर लावलेला कॅमेरा मांजराच्या डोक्यावरून बघतो. ९४० नॅनोमीटरचा अवरक्त दिवा असलेला घ्या, तो डोळ्याला लाल दिसत नाही. समोरचं गवत दाबून टाका, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचेच हजार फोटो निघतील. तारीख-वेळ बरोबर लावा: मांजर पहाटे तीनला येतं हे कळलं की पिंजऱ्यावर रात्रभर जागावं लागत नाही.

पोस्टर

लहान कागदावर बारीक मजकूर लिहिलेलं पोस्टर चालत्या गाडीतून कुणी वाचत नाही. चमकत्या रंगाचा मोठा पुठ्ठा, वर "हरवला कुत्रा", मध्ये एकच मोठा फोटो, खाली नंबर. शब्द पाचाच्या आसपास. तीन मीटर अंतरासाठी अक्षर किमान अडीच सेंटिमीटर उंच, म्हणजे पंधरा मीटरवरून वाचायचं तर साडेबारा. इंकजेटची शाई पावसात वाहते. लेझर प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, उघडं तोंड खाली. एक ओळखीची खूण मुद्दाम गाळा. फोन करणाऱ्याला ती विचारता येते.

पैसे घेऊन शोधणाऱ्या सेवा

नंबर जाहीर झाला की खोटे फोन येतातच. "तुमचं मांजर माझ्याकडे आहे, तुम्ही खरे मालक आहात का हे बघायला कोड पाठवलाय तो सांगा" असं म्हटलं की फोन ठेवा. तो ओटीपी तुमच्या खात्याचा असतो. आधी पैसे मागणाऱ्याकडून त्याच क्षणी काढलेला व्हिडिओ मागा, आणि जनावर समोर दिसेपर्यंत काही देऊ नका. "शंभर टक्के शोधून देऊ" म्हणणाऱ्या सेवेलाही हीच वागणूक.

उष्णता टिपणारा ड्रोन उघड्या माळावरच्या कुत्र्यासाठी उत्तम, पण पहाटे, जमीन थंड असताना. दुपारी तापलेले दगडही कुत्र्यासारखे दिसतात. दाट झाडी, छत आणि काच यांच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. खाली उतरलेल्या ड्रोनच्या आवाजाने भेदरलेलं कुत्रं आणखी पळतं, तेव्हा चालवणारा किती उंचीवर ठेवतो आणि उडवायची परवानगी कुणी काढायची हे ठरवतानाच विचारा.

वास काढणाऱ्या कुत्र्याची मदत घ्यायची असेल तर वासाची वस्तू आधी बाजूला काढा, घर आवरायच्या आत. हरवलेल्या जनावराचा कंगवा किंवा त्यातले केस सगळ्यांत चांगले. घरात दोन-तीन जनावरं असतील तर एकत्र झोपायची गादी देऊ नका, तिच्यावर सगळ्यांचाच वास असतो. उलट्या केलेल्या स्वच्छ पिशवीत हात घालून वस्तू उचला, पिशवी तिच्यावरून पालथी करा, तोंड बांधा आणि कुत्रं घेऊन येणाऱ्या माणसाखेरीज कुणालाही ती उघडू देऊ नका.